पाहुणे असेपर्यंत उजेड

आमच्या घरात आईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, चाळीसेक फोटो आहेत आणि त्यातल्या एकाही फोटोत आई काही करत नाहीत. स्वतःच्या लग्नात उभ्या आहेत. माझ्या नवऱ्याच्या, समाधानच्या, बारशात उभ्या आहेत. वास्तुशांतीत बसल्या आहेत, पण कुणीतरी खांदे दाबून बसवल्यासारख्या. त्र्यंबकेश्वरच्या फोटोत तर अर्ध्याच आहेत, कारण सासऱ्यांना मागचा कळस पूर्ण हवा होता. ज्या बाईला मी चार वर्षांत सलग दहा मिनिटं स्वस्थ पाहिलं नाही, ती फोटोंत मात्र जन्मभर स्वस्थ आहे.

म्हणून भाजी निवडता निवडता आई म्हणाल्या, "रूपाली, मला एक फोटो पाहिजे. खेळतानाचा. बक्षीस घेतानाचा नको, त्यात परत उभंच राहावं लागतं," तेव्हा मी एका दमात "मी काढते" म्हणून मोकळी झाले. एका दमात काही बोलू नये हे मला लग्न ठरताना एकदा कळलं होतं, पण अशा गोष्टी लक्षात राहत नाहीत.

आई बॅडमिंटन खेळतात. एक्कावन्नाव्या वर्षी शिकल्या. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी चालायला सांगितलं होतं. चालायला निघाल्या, वाटेत क्रीडा मंडळाचा हॉल लागला, आत डोकावल्या, आणि चालायचं राहून गेलं. आता अठ्ठावन्न चालू आहे. रोज पाच ते साडेसहा हॉलवर. वर्षातून एक स्पर्धा, पंचावन्न वर्षांवरील महिलांची.

आणि हे सगळं माझ्यामुळे बंद होणार होतं. माझी बाळंतपणाची रजा, आणि तिला शेपूट लावून घेतलेली बिनपगारी रजा, दिवाळीनंतर संपत होती. मी ऑफिसातून सातला येणार, चिमी अकरा महिन्यांची, समाधान ओझरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला. तो पावणेपाचला घरी येतो, चहा पितो आणि सातपर्यंत झोपतो. ही झोप आमच्या घरात पुरातत्त्व खात्याने ताब्यात घेतल्यासारखी आहे. तिला कुणी हात लावत नाही. तेव्हा पाच ते साडेसहा चिमीला कोण, हा प्रश्न कुणी विचारायच्या आतच आईंनी सोडवून टाकला. "दसऱ्यानंतरची स्पर्धा खेळते आणि रॅकेट माळ्यावर टाकते," त्या म्हणाल्या. "पण त्याआधी तेवढा एक फोटो."

मी मेथी निवडली.

कॅमेरा घरात होता. लग्नानंतर समाधानने हौसेने घेतलेला, मोठा, गळ्यात अडकवायचा. काचेला बुरशी येऊ नये म्हणून तो तांदळाच्या डब्यात ठेवा, असं त्याला कुणीतरी सांगितलं. त्या डब्यातला तांदूळ आम्ही अनेकदा बदलला. कॅमेरा एकदाही बाहेर काढला नाही.

सरावासाठी बंदिस्त जागेत, अंधुक उजेडात, वेगाने पळणारी वस्तू हवी होती. ती घरातच होती. मी स्वयंपाकघरातला दिवा घालवायची, ओट्याशी पालथी पडायची आणि चिमीला सोडून द्यायची. दोन दिवसांत एकशे चाळीस फोटो काढले. पंधरा फरशीचे. पन्नासेक फोटोंत एक गुलाबी धूर सिलिंडरकडे जाताना दिसतो. उरलेल्यांत माझंच नाक, कारण तिला पळण्यापेक्षा कॅमेरा ओढून, उलटा करून त्याचं झाकण चाटणं महत्त्वाचं वाटलं. एका फोटोत मात्र तिचा एक हात हवेत थांबलेला आहे, पाच बोटं सुटी सुटी, पणतीच्या वातींसारखी. तो मी बराच वेळ पाहत बसले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जीवनकाका यांना ही बातमी कळायला एक संध्याकाळ पुरली. काकांनी एकोणनव्वद साली सापुताऱ्याचा सूर्यास्त रोलच्या कॅमेऱ्यावर काढला होता, आणि त्यानंतर फोटोग्राफीत त्यांना शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"यात अवघड काय आहे? फ्लॅश मारायचा," काका म्हणाले.

"फ्लॅशला बंदी आहे, काका. खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो."

"मग समोरच्या बाईच्या डोळ्यांवर मारायचा. आपल्या उज्वलाबाई जिंकतील."

"काका, हा खेळ आहे."

"बरं. मग त्यांना थोडं हळू खेळायला सांग. आपल्या घरातलीच बाई आहे, ऐकेल."

शेवटी मी आमच्या गल्लीतल्या लखनच्या स्टुडिओत गेले. लखनने या भागातली निम्मी लग्नं टिपलेली आहेत. त्याने माझा गुलाबी धूर एकेक करून पाहिला आणि डॉक्टर रिपोर्ट बघताना करतात तसा चेहरा केला.

"वहिनी, तुमच्या लेन्सला अंधारात दिसत नाही. माझी घेऊन जा. हिचं तोंड मोठं आहे, उजेड जास्त पिते. तोंड पूर्ण उघडं ठेवायचं, आयएसओ, म्हणजे उजेड पकडायची ताकद, वाढवायचा, फोटोत दाणे येतील ते येऊ द्यायचे. आणि शटरचा वेग पाचशेच्या खाली आणायचा नाही. खाली आणला की हात गेला."

"कुणाचा?"

"आईंचा. फोटोतला. आणि वहिनी, बटण त्या मारताना दाबू नका. उडी पूर्ण वर गेली की माणूस क्षणभर थांबतो. तिथे दाबायचं."

"तू काढलेत असे फोटो?"

लखन प्रामाणिक आहे. "नाही हो. आमच्याकडे सगळे थांबतात. अक्षता टाकतानासुद्धा हात वर करून थांबतात, मी हो म्हटलं की टाकतात."

ती लेन्स मी चिमीला उचलते त्याहून जपून घरी आणली. आली त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. सासरे होते तेव्हा विळा, कुदळ, पाना. आता मिक्सर, शिलाई मशिन, समाधानची स्कूटर. आईंनी पाटावर रॅकेट ठेवली, तिच्या शेजारी लखनची लेन्स लावलेला कॅमेरा ठेवला आणि मनोभावे हळद-कुंकू वाहिलं. मी चिमीला भरवत होते. दुरून पाहिलं, हात जोडले. आईंनी कुंकवाचं बोट नेमकं कुठे टेकवलं, ते काही मला दिसलं नाही.

मग परवानगी. क्रीडा मंडळाच्या हॉलमध्ये कॅमेरा न्यायचा तर अर्ज लागतो, दोन प्रतींत. एक कार्यालयासाठी आणि दुसरी, मला वाटतं, पहिली हरवते तेव्हासाठी. सोबत फ्लॅश वापरणार नाही असं हमीपत्र. शिवाय बारा वर्षांखालच्या मुलांना कोर्टाजवळ प्रवेश नाही. स्पर्धा शनिवारी, समाधान पाळीला, आई खेळणार. चिमीला ठेवू कुठे? अर्जात "साहाय्यकाचे नाव" असा रकाना होता. वयाचा रकाना नव्हता. मी चिमीचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, स्वच्छ अक्षरांत लिहिलं. अर्ज मंजूर झाला. खोटं मी एक अक्षर लिहिलेलं नाही.

हॉलची किल्ली, नेट, झाडू आणि दिव्यांची बटणं बहिरूभाऊंच्या ताब्यात असतात. ते मूळचे सिन्नरकडचे, पंचवीस वर्षं हॉलवर. मी आदल्या दिवशी उजेड बघायला गेले तर छतावरच्या सोळा दिव्यांपैकी आठच चालू.

"भाऊ, उद्या सगळे लावाल ना?"

"नाय ताई. ठराव हाय. खेळ चालू असंल तं आठ. प्रमुख पाहुणे आले का सोळा. पाहुणे गेले का पुन्यांदा आठ."

"पण पाहुणे काही खेळत नाहीत."

"म्हून तं त्यांना दिसाया पायजे."

या उत्तरात कुठेतरी चूक होती, पण ती शोधायच्या आत चिमीने नेट चावायला घेतलं.

शनिवारी आमचं पथक हॉलवर पोचलं. पंचावन्न वर्षांवरील महिलांच्या गटात तीन नावं होती. त्यातली एक नातवाच्या बारशाला गेली, त्यामुळे स्पर्धेतला पहिला सामना हाच अंतिम सामना होता. समोर सिन्नरच्या वत्सलाबाई, निवृत्त पीटी शिक्षिका. त्यांनी वॉर्मअपला शिट्टी स्वतःची आणली होती.

मी कोर्टाच्या कोपऱ्यात बसले. चिमी माझ्या पाठीशी ओढणीने बांधलेली. आठ दिव्यांत पहिला गेम सुरू झाला आणि मी पाचशेवर शटर ठेवून धडाधड फोटो घेतले. पडद्यावर पाहिलं तर काळोख, आणि त्यात एक तांबूस धुकं. अडीचशेवर आले. आता आई दिसत होत्या, पण दोन-दोन, आणि दोघींनाही हात नव्हते. धुकं तसंच. मला वाटलं, हॉलच्या दिव्यांचाच दोष. लेन्स वळवून पाहिली, तर काचेच्या बरोबर मध्यभागी कुंकवाचा टिळा. खाली हळदही.

लखनने लेन्स पुसायला खास कापड दिलं होतं. ते घरी, पाटावर, पूजेत. मी चिमीचा लंगोट घेतला. नवाकोरा होता, हे मी लखनला अजूनही शपथेवर सांगते.

पुसून होईपर्यंत पहिला गेम संपला. आई हरल्या, पंधरा-एकवीस. पाणी प्यायला आल्या, घामाने डबडबलेल्या, आणि स्कोअरबद्दल एक शब्द न बोलता म्हणाल्या, "आला का गं?"

"येतोय," मी म्हटलं. कॅमेऱ्यात तेव्हा एकशे बारा भुतं होती.

नेमके त्या वेळी दारात पुंजाराममामा उभे राहिले. मामा म्हणजे आईंचे थोरले भाऊ, मखमलाबादला त्यांचा झेंडू आणि भाजीपाला. दसरा झाला की दिवाळीपर्यंत झेंडूला कुणी विचारत नाही, म्हणून उरलेल्या फुलांचे हार करून ते मंडळाला सत्कारासाठी फुकट द्यायला आले होते. पांढरंशुभ्र धोतर, इस्त्रीचा सदरा, टोपी, भरघोस मिशा. हारांचं टोपलं रिक्षावाल्याने आधीच आत नेऊन ठेवलं होतं, त्यामुळे हातात काही नव्हतं. आणि रिकाम्या हाताने, पांढऱ्या कपड्यांत, उशिरा येणारा माणूस आपल्याकडे कोण असतो?

प्रमुख पाहुणे येऊ शकत नाहीत, प्रतिनिधी पाठवतील, असा निरोप मंडळाला सकाळीच आला होता. प्रतिनिधीला कुणी पाहिलं नव्हतं. बहिरूभाऊंनी मामांकडे एकदा पाहिलं आणि बटणांच्या फळीवर हात फिरवला.

सोळा दिवे. मला तर हॉलला भिंती आहेत हेसुद्धा तेव्हा कळलं.

इथे मी खरं सांगायला हवं होतं. "हे आमचे मामा आहेत," एवढी चारच शब्दांची गोष्ट. पण मी कॅमेऱ्याकडे पाहिलं, शटर हजारावर नेलं, चाचणीचा एक फोटो काढला, आणि त्यात बहिरूभाऊंच्या मिशीचा केस न् केस दिसला. तेव्हा मी गप्प बसले. इतिहासात मोठमोठी माणसं यापेक्षा किरकोळ कारणांसाठी गप्प बसलेली आहेत.

मामांना स्टेजवर नेलं. मंडळाच्या अध्यक्षांनी टोपल्यातला हार उचलून त्यांच्या गळ्यात घातला.

"अहो, ही माझीच फुलं हायेत," मामा म्हणाले.

"आपलंच सगळं आहे, साहेब," अध्यक्ष विनयाने म्हणाले.

"मी माझ्या बहिणीचा खेळ बघाया आलोय."

टाळ्या. सगळेच पाहुणे महिलांना बहिणी म्हणतात. यांनी नुसतं म्हटलं नाही, बोट दाखवून म्हटलं, याचं लोकांना फार कौतुक वाटलं. आई कोर्टावर रॅकेटीने तोंड झाकून उभ्या होत्या. मग अध्यक्ष बोलायला लागले. त्यांचं भाषण लांबलं. दिवे सोळा, पण कोर्टावर हालचाल शून्य. बहिरूभाऊंच्या ठरावाचा अर्थ मला आता कुठे कळला. दोन शब्द बोलायला मामांना उभं केलं. मी कोपऱ्यातून हाताने खुणा केल्या: खेळू द्या, खेळू द्या. मामांना शेतीतल्या खुणा कळतात, माझी त्यांनी पाणी सोडा अशी घेतली असावी. पण बोलले ते अगदी माझ्या मनातलं.

"मला बोलता येत नाय. त्या दोघी घामाच्या उभ्या हायेत, गार पडतील. खेळा बायांनो. मी बसतो."

एवढं चांगलं भाषण त्या हॉलमध्ये त्याआधी झालं नसेल.

दुसरा गेम आईंनी घेतला, एकवीस-अठरा. मी फोटो काढत होते, पण नेम लागत नव्हता. एकदा आईंचं डोकं सुटलं, एकदा फक्त बूट आले, एकदा नेमक्या क्षणी पंच मधे. तिसरा गेम सतरा-सतरावर आला आणि मी सहज स्टेजकडे पाहिलं तर मामा उठत होते. रिक्षा थांबवून आले होते ते. इकडे बहिरूभाऊ बटणांच्या फळीकडे निघाले.

त्यानंतर मी जे केलं त्याची परवानगी कुठल्याही अर्जात नव्हती. मी ओढणी सोडली, धावत स्टेजवर गेले आणि माझी साहाय्यक, म्हणजे चिमी, प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर ठेवली.

"सूनबाई, अगं रिक्षा..."

"मामा, दोन मिनिटं. पडेल ती."

मांडीवर पोर असलेला माणूस उठत नाही. चिमीने लगेच हारातला झेंडू तोडून तोंडात घातला, मामा तो काढण्यात गुंतले, बहिरूभाऊंचा हात बटणावरून खाली आला. अध्यक्षांनी मोबाइलवर फोटो काढला: पाहुणे आणि बालक. त्यांचा छान आला, कारण दोघंही बसलेली होती.

मी परत कोपऱ्यात पालथी. अठरा-अठरा. वत्सलाबाईंनी शटल उंच उडवलं, मागे, खूप मागे. आई मागे पळाल्या. मला लखन आठवला. मारताना नाही. उडी पूर्ण वर गेली की. मी श्वास धरला आणि दाबलं.

आई हरल्या, एकोणीस-एकवीस. वत्सलाबाईंनी स्वतःची शिट्टी स्वतःच वाजवली. मामा चिमीला माझ्याकडे देऊन उठले आणि टाळ्यांच्या गजरात आठ दिवे विझले.

फोटो मी घरी आल्यावर पाहिला, स्वयंपाकघरात, दार लोटून. चिमी झोपली होती, तोंडाला झेंडूचा वास.

दोन्ही पाय जमिनीवर नाहीत. चांगले वीतभर वर. रॅकेट मागे गेलेली, डावा हात शटलकडे उघडलेला, पाच बोटं सुटी सुटी. हा हात मी कुठेतरी पाहिला होता, मग आठवलं कुठे. वेणी हवेत. दाणे आहेत, लखन म्हणाला होता तसे, पण चेहरा लख्ख. आणि त्या चेहऱ्याला आपला कुणी फोटो काढतंय याची सुतराम कल्पना नाही. मागे पुसट, स्टेजवर, पांढरे मामा आणि एक गुलाबी ठिपका.

बाहेर आई समाधानला सांगत होत्या, "शिडी काढून ठेव रे. फोटो बघते आणि रॅकेट वर टाकते." रॅकेट त्यांनी धुतलेल्या अभ्र्यात घालून तोंड नाडीने बांधलंही होतं. नाडीची गाठ मला दारातून दिसत होती. पक्की होती, सोडताना दात लावावे लागतील अशी.

मी कॅमेरा बंद केला आणि बाहेर गेले.

"आला?" आईंनी विचारलं.

"नाही हो, आई. एकही नाही. सगळे हललेत."

मी पुढचं भराभर बोलून टाकलं, पुन्हा एका दमात. "उजेडाचं गणित आता कुठे कळलंय मला. पुढच्या वर्षी नक्की येईल. तोवर तुम्ही खेळणं सोडू नका. आणि पाच ते साडेसहा चिमीला समाधान बघेल."

समाधान शिडी घेऊन उभा होता. "मी? मी तर झोपलेला असतो."

"तीपण झोपते त्या वेळी," मी म्हटलं. हे अर्धंच खरं होतं, पण त्या दिवशी माझं खरेपणाचं खातं आधीच बुडालेलं होतं.

त्याने आईंकडे पाहिलं, मग अभ्र्याकडे. "शिडी ठेवू परत?" एवढंच म्हणाला.

माझी त्यानंतरची दिवाळी कशी गेली ते विचारू नका. "तीनशे फोटो आणि एक नाही," जीवनकाका जिन्यात भेटेल त्याला सांगत होते. "मी म्हटलं होतं, फ्लॅश मारा." लखनने लेन्स परत घेताना माझ्याकडे दयेने पाहिलं आणि हळदीच्या वासाबद्दल काही विचारलं नाही, हे जास्त लागलं. सोसायटीच्या फराळाच्या कार्यक्रमात फोटो काढायला मला कुणी सांगितलं नाही. काकांनी स्वतः काढले, फ्लॅश मारून, सगळ्यांचे डोळे लाल. मी चकली खात उभी राहिले. माझ्यापाशी हवेत वीतभर उंच उडालेली सासू आहे, हे मला कुणालाही सांगता येत नव्हतं.

फोटोची एक प्रत मी गुपचूप छापून आणली. घरात लपवायला जागा नसते. शेवटी चिमीच्या लसीकरणाच्या फायलीत, मागच्या कप्प्यात, पाकिटात घालून ठेवली. ती फाइल माझ्याशिवाय कोण उघडतंय.

चिमीला वर्ष झालं तेव्हा मी ऑफिसला जायला लागले होते. वर्षाची लस द्यायला तिला आई घेऊन गेल्या. फाइल घेऊन. हे माझ्या ध्यानात आलं दुपारी, मीटिंगमध्ये, आणि मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी लवकर निघून सहालाच घरी आले. समाधान सतरंजीवर आडवा, त्याच्या पोटावर चिमी, दोघंही झोपलेली. फाइल जागच्या जागी. पाकीट मागच्या कप्प्यातच होतं, पण मी ठेवलं होतं तसं नाही. आता त्याचं तोंड चिकटवलेलं होतं, नीट, बोट फिरवून.

आई हॉलवरून आल्या, बूट काढले, रॅकेट खुंटीला लावली. पाणी प्यायल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रूपाली, मामाला आत्तापासूनच सांगून ठेव. पुढच्या वर्षी टोपी धुऊन ये म्हणावं. माझा फोटो राहिलाय अजून."